लाल ठिपक्याची किल्ली

दार उघडणे हे काही लहानसहान काम नव्हे. आत जीव असतो, बाहेर जग असते, आणि दोहोंच्या मध्ये कुणीतरी उभे असावे लागते. ज्याने आभाळाला कुंपण घातले नाही, वाऱ्याला उंबरठा ठेवला नाही, त्या दयाळाने माणसाला मात्र दार दिले; आणि दार दिले तसा दार उघडणाराही दिला. अशाच एका दार उघडणाऱ्याची ही कथा आहे.

सारे त्याला भिंगरी म्हणत. हे नाव त्याच्या बायकोने ठेवले. लग्न होऊन घरात आल्यावर तिने पहिल्यांदा काय पाहिले असेल, तर हा माणूस जेवायला बसतो तेव्हाही त्याचा एक पाय चपलेत असतो. चहाचा कप हातात घेऊन तो घरभर हिंडे, बोलता बोलता कप कुठेतरी ठेवी आणि विसरे. मग ती बिचारी कप शोधत फिरे. कधी तो विजेच्या मीटरवर सापडे, कधी न्हाणीघराच्या खिडकीत, एकदा तर स्कूटरच्या सीटवर. "माणसाच्या पायाला भिंगरी असते," ती म्हणाली, "तुम्ही तर सगळेच्या सगळे भिंगरी आहात." शेजारणीने ते ऐकले, आणि मग ते कुणाचे ऐकायचे राहिले नाही.

बंगल्यांची विजेवर चालणारी फाटके दुरुस्त करणे हा त्याचा धंदा होता. रिमोटचे बटण दाबले की रुळावरून सरकणारी, कुणी हात न लावता उघडणारी आणि कुणी न सांगता मिटणारी फाटके. त्या गावी समुद्र दिसत नसे. पण लोखंडाला तो रोज भेटून जाई. हवा इतकी ओली, की कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढे आणि काड्यापेटीतली काडी तीनदा ओढल्याशिवाय पेटत नसे. मग फाटकाच्या मोटरीची काय कथा? तिच्या पोटातल्या तांब्यावर हिरवा थर धरे. स्प्रिंग गंजून मुकी होई. दूर कुठेतरी वीज कोसळे, तारेतारेने पळत येई आणि चार घरांचे बोर्ड जाळून जाई. आणि मुंग्या! बाहेर धो धो पाऊस आणि आत उबदार कोरडी पेटी. मुंग्यांना आणखी काय हवे? त्या अंड्यापिल्लांसकट बिऱ्हाड थाटीत. त्यांच्यामागे पाल येई, दोन तारांवर एकाच वेळी पाय ठेवी, आणि आपणही जाई, बोर्डही नेई.

भिंगरी पेटी उघडी, रंगाच्या ब्रशाने मुंग्यांची अंडी हलकेच पुठ्ठ्यावर घेई आणि भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवी. घरमालक वैतागत.

"अहो, फवारा मारा की सरळ!"

"मारतो ना. पण आधी घर खाली करायची नोटीस द्यायला नको?"

असा तो माणूस. हात चालू, तोंड चालू, पाय चालू. मन मात्र त्या तिघांच्याही पुढे धावणारे. एका फाटकाशी उभा असताना त्याला दुसऱ्याची आठवण येई. त्याचा स्क्रू घट्ट बसला ना? ह्याचे झाकण नीट लागले ना? रात्री अंथरुणावर पडला तरी बोटे हवेत काहीतरी पिळत असत.

हा धंदा त्याच्याकडे आला तो वडिलांकडून, आणि आला तो उलट्या वाटेने. वडील एका मोठ्या वसाहतीच्या फाटकावर राखणदार होते. लोखंडी अजस्र फाटक ते हाताने उघडीत, हाताने लावीत. येणाऱ्याला म्हणत, "या." जाणाऱ्याला म्हणत, "सावकाश जा." साहेब असो, दूधवाला असो, रडत माहेरी निघालेली सून असो, प्रत्येकाला तेच दोन शब्द. त्या दोन शब्दांवर त्यांनी आयुष्य काढले. आणि मग एके दिवशी मोटर आली. मोटर बसवणाऱ्या कारागिराला वजन उचलायला एक दणकट माणूस हवा होता. ज्यांची नोकरी त्या मोटरीने खाल्ली, त्यांनीच आपल्या जवान मुलाचा दंड धरून त्याला पुढे केले. म्हणाले, "ह्याला घ्या. दाराशीच वाढलाय." केवढे हे मन! ज्या हाताने घास नेला, त्याच हातात त्यांनी आपला मुलगा ठेवला.

आता वडील थकले होते. खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. पण जीभ मात्र शाबूत होती. मुलगा संध्याकाळी चिखलाने माखून घरी आला, की विचारीत, "काय, आज कुणाला सर्दी झाली?"

"दोन मोटरींना, बाबा."

"मला नाही कधी झाली. उभं आयुष्य पावसात गेलं."

भिंगरी हसे. पण त्या दोन शब्दांची रुखरुख त्याला लागून राहिलेली असे. मोटर दार उघडते, पण 'या' म्हणत नाही. मोटर दार लावते, पण 'सावकाश जा' म्हणत नाही. आणि वीज गेली की काहीच करत नाही. म्हणूनच त्याने आपल्या कामाला एक रीत लावून घेतली होती, आणि ती रीत हीच त्याची पूजा होती.

प्रत्येक मोटरीला एक छोटी किल्ली असते. वीज गेली, बॅटरी संपली, तर ती किल्ली मोटरीच्या कुशीत घालायची, फिरवायची, लहानशी दांडी बाहेर ओढायची. मग मोटर फाटकाला सोडते आणि फाटक हाताने सरकते. दुरुस्ती झाली की भिंगरी निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला बोलावी. म्हातारी असो, बाळंतीण असो, पाय मोडलेला मुलगा असो. किल्ली त्याच्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, "उघडा." घरातली धट्टीकट्टी माणसे म्हणत, "आम्ही आहोत ना!" तो म्हणे, "तुम्ही घरात नसालच त्या दिवशी." त्या अशक्त हाताने एकदा फाटक सरकले, की मग तो आपली पिशवी उचली. त्याआधी नाही.

आता ज्या घराशी ह्या कथेची गाठ पडली, ते घर गावाबाहेरच्या टेकडीच्या उतारावर, अगदी टोकाला होते. तिथे एक निवृत्त शाळामास्तरीण राहत. सारे त्यांना बाई म्हणत, आणि त्यांच्या यजमानांना काका. काकांची फुप्फुसे थकली होती. विजेवर चालणारे एक यंत्र अष्टौप्रहर त्यांच्या उशाशी घुरघुरत असे आणि नळीने त्यांना प्राणवायू देत असे. वीज गेली, तर छोटा सिलिंडर लावायचा, काकांना गाडीत बसवायचे आणि उताराखालच्या दवाखान्यात न्यायचे. तिथे जनरेटर होता. सिलिंडर तेवढ्या वाटेपुरताच. दूर राहणाऱ्या मुलाने आईला त्रास नको म्हणून फाटकाला मोटर बसवून दिली होती, आणि आता सगळे बटणावर उघडते म्हणून फाटकाशेजारचे, माणूस जाण्याजोगे लहान दार विटांनी बुजवून टाकले होते. प्रेमाने केले होते सगळे. प्रेमाच्या हातूनही भिंत उभी राहते.

त्या घरच्या मोटरीची किल्ली जुन्या घडणीची होती. भिंगरीच्याच सांगण्यावरून बाईंनी खूण म्हणून तिच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. काका तेव्हा म्हणाले होते, "लग्नात... लावलं नाहीस एवढं... किल्लीला लावलंस."

आणि चूक झाली ती अशी. एके दिवशी भिंगरी तिथे गेला, तेव्हा मोटरीची बॅटरी ओल आणि उष्म्याने पोट फुगून बसली होती. ती त्याने काढली. नवी मागवून आणतो म्हणाला. "तोवर वीज गेलीच, तर किल्ली आहेच, बाई." काम करताना दोन किल्ल्या त्याच्या हातात होत्या: बाईंची, आणि त्याची स्वतःची, जी बहुतेक फाटकांना चालत असे, पण त्या जुन्या मोटरीत नुसतीच गरगर फिरे. झाकण उघडे असताना किल्ली गवतात पडू नये म्हणून हे कारागीर ती खिशात टाकतात. तशा त्याने दोन्ही टाकल्या. इतक्यात पाऊस कोसळला. बाई व्हरांड्यातून ओरडल्या, "राहू द्या आता, भिजाल! काकांना कुठे आणता ह्या पावसात?" आणि इतक्या वर्षांत न मोडलेली रीत त्या दिवशी मोडली. त्याने खिशात हात घातला, हाताला आली ती किल्ली व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवली, आणि डोक्यावर पिशवी धरून पळाला.

पाहण्याची तसदी घेतली नाही.

पुढे दोन दिवसांनी वादळाची सूचना आली. दुपारपासून हवा पडून राहिली होती. झाडाचे पान हलत नव्हते, आणि तरीही अंगाला काहीतरी चिकटल्यासारखे वाटत होते. भिंगरीचा जीव तर थाऱ्यावर नव्हताच. वादळानंतर साऱ्या गावाची फाटके एकाच वेळी आजारी पडतात, म्हणून तो पिशवी भरत होता, रिकामी करत होता, पुन्हा भरत होता. बायको खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत होती.

"माझी किल्ली कुठाय?"

"धुवायच्या पँटीतून जे निघालं ते वाटीत आहे. स्क्रू, नट, बडीशेप, सगळं."

त्याने वाटी टेबलावर उलटी केली. स्क्रू गडगडले. आणि त्यांच्यामधून एक किल्ली घरंगळत कडेला आली. तिच्या डोक्यावर लाल ठिपका होता.

हा माणूस, ज्याचे पाऊल कधी ठरत नसे, तो त्या ठिपक्याकडे पाहत राहिला आणि हलेना. मग एकदम सारे अंग जागे झाले. फोन कुठाय? फोन हातातच होता.

"बाई, मी गेटवाला बोलतोय."

"हां, बोला. बॅटरी आली का?"

"बॅटरी नाही. बाई, तुमची किल्ली बघा जरा."

"बघायचं काय त्यात? खिळ्याला आहे. इथून दिसतेय मला."

"लाल ठिपका आहे का तिच्यावर?"

"थांबा हं... अहो, चष्मा कुठे ठेवलात माझा?" हे यजमानांना होते. मागून धापेसकट उत्तर आले, "तुझ्या... डोक्यावर."

"बाई, ऐका, ती किल्ली माझी आहे! तुमची इकडे माझ्या..."

फोन खरखरला आणि मेला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा. फोनमधून काही म्हणजे काही येईना. बाहेर पहिला झोत आला आणि शेजारच्या पत्र्याने एक किंकाळी मारली.

"निघालात ना?" बायको म्हणाली. तो अजून दाराकडे वळलाही नव्हता.

"जायला हवं."

"ते कळलं मला. वाऱ्याच्या आधी तुम्हीच सुटता." तिने त्याचा रेनकोट ओढून घेतला, टोपी डोक्यावर बसवली आणि हनुवटीखाली सुतळीने गच्च गाठ मारली. गाठ मारतानाही तोंड चालूच होते. "आणि जाण्याआधी सांगून जा, कप कुठे ठेवलाय. सकाळपासून एक कमी आहे."

खिडकीपाशी वडिलांनी मान वळवली. त्यांनी सारे ऐकले होते.

"किल्ली कुणाच्या हातात दिली होतीस?"

"नाही दिली, बाबा. खिळ्याला लावली."

"का?"

"पाऊस होता."

"पाऊस होता," वडील म्हणाले. मग म्हणाले, "मग आता काय ऊन पडलंय?"

तो खाली मान घालून चपला शोधू लागला. एक पायातच होती.

"अरे, ऐक," वडिलांचा आवाज बदलला. "वारा समोरून असला, तर गेट ढकलत बसू नको. नुसता दम जाईल. आधी खांदा लाव आणि उचल. रुळावरचं वजन काढलंस, की ते आपण होऊन येतं. कळलं?"

"कळलं, बाबा."

"सावकाश जा."

सावकाश! स्कूटर जणू वाऱ्याशीच झोंबत होती. रस्त्यावर पाने, डहाळ्या, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल, कुणाच्या तरी दुकानाची अर्धी पाटी. एका हाताने हँडल धरावे आणि दर वळणावर दुसऱ्या हाताने छातीवरचा खिसा चाचपावा. आहे. किल्ली आहे. हवी तिथे नाही, नको तिथे आहे. ज्याला हवी त्याच्याकडे नाही, जो विसरला त्याच्याकडे आहे! वीज असेल तोवर काळजी नाही, तो मनाला सांगे. वीज असेल तोवर बटण आहे. देवा, तेवढी वीज राहू दे. मी पोहोचेपर्यंत राहू दे. मी पोहोचलो की मग तुला काय करायचे ते कर. असा सौदा तो देवाशी करत होता आणि देव सौद्याला बसत नाही हे त्याला ठाऊक होते.

टेकडीच्या पायथ्याशी तो आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दिवे गेले. आधी खालची ओळ गेली, मग मधली, आणि मग उताराच्या टोकाचा तो एकटा दिवाही.

त्याने स्कूटर तिथेच भिंतीला टेकवली. गाडीरस्ता वळणावळणाने वर जात होता. त्याला छेद देणाऱ्या दगडी पायऱ्या थेट वर जात. तो पायऱ्यांनी धावला. पावसाने तोंड धुतले, डोळे मिटवले, तरी धावला. दोन्ही बाजूंची घरे कुलूपबंद होती. सुट्टीत येणाऱ्यांची घरे ती, हाक मारावी असे तिथे कुणी नव्हते. त्याच्या डोक्यात फक्त एक घुरघुर होती. उशाशी चालणारे ते यंत्र, जे आता थांबले होते.

फाटकापाशी पोहोचला तेव्हा आतून गाडीचे दिवे गजांमधून येत होते. गाडी सुरू होती. मागच्या सीटवर काका बसले होते, तोंडाला मास्क, मांडीवर सिलिंडर, तान्हे मूल धरावे तसा दोन्ही हातांनी धरलेला. आणि बाई मोटरीपाशी चिखलात गुडघे टेकून बसल्या होत्या.

"फिरतेय नुसती!" त्या ओरडल्या. ओरडत होत्या ते फाटकाला, वाऱ्याला की देवाला, कोण जाणे. कारण तो आलेला त्यांना अजून दिसला नव्हता. "नुसती फिरतेय मेली!"

"बाई!"

त्यांनी टॉर्च त्याच्या तोंडावर मारला.

"तुम्ही?"

"ही घ्या." त्याने गजातून हात आत घातला. तळहातावर किल्ली होती. टॉर्चच्या उजेडात लाल ठिपका चमकला. बाईंनी त्या ठिपक्याकडे पाहिले, हातातल्या किल्लीकडे पाहिले, आणि त्यांना सगळे कळले.

"म्हणजे माझी किल्ली तुम्ही घेऊन गेलात?"

"हो, बाई."

"आणि ही?"

"माझी. रागवा हवं तेवढं, पण नंतर."

"नंतर रागवणारच आहे!"

मोटर आतल्या अंगाला होती. फाटक उंच, वर अणकुचीदार टोके, वारा असा की चढणाऱ्याला उचलून फेकेल. त्याचे शहाणे हात गजाच्या बाहेर राहिले. आत जे करायचे ते बाईंनाच करायचे होते. जे त्याने त्या दिवशी त्यांच्याकडून करून घ्यायला हवे होते, नेमके तेच, आणि आता अंधारात, पावसात, एका श्वास मोजणाऱ्या माणसादेखत.

"आत घाला. पूर्ण. टेकली का?"

"टेकली."

"आता उजवीकडे. टक् होईल."

"काही ऐकू येत नाहीये मला ह्या वाऱ्यात!"

"कानाला नाही येणार, हाताला येईल. डोळे मिटा, बाई. हाताकडे लक्ष द्या."

मुलांच्या कितीतरी पिढ्यांना 'लक्ष द्या' म्हणून सांगितलेल्या त्या बाईंनी चिखलात बसून डोळे मिटले. पावसाची धार त्यांच्या हनुवटीवरून वाहत होती. गाडीतून काकांनी काचेवर टकटक केली. घाई म्हणून नव्हे, मी आहे म्हणून.

"झालं," बाई म्हणाल्या. "झालं वाटतं. हो. झालं!"

"आता दांडी बाहेर ओढा."

"येत नाही. गंजलीय."

"पायाने."

"पायाने?"

"लाथ मारा, बाई! मी कुणाला सांगणार नाही!"

बाईंनी फाटकाला धरून उभे राहत अशी लाथ मारली, की दांडी खाडकन बाहेर आली. मोटरीने फाटक सोडले. दोघांनी एकदमच जोर लावला. आणि फाटक हलेना. वारा तोंडावर होता. त्याने ते अख्खे लोखंड रुळाच्या खोबणीत रेटून धरले होते. भिंगरी ढकलत राहिला. पाय घसरले, हात सोलले, दम गेला.

मग त्याला ऐकू आले, 'आधी उचल.'

त्याने ढकलणे थांबवले. वाकला, आडव्या पट्टीखाली खांदा घातला आणि पायांवर उठला. त्या क्षणी त्या खांद्यात एकच माणूस नव्हता. उभे आयुष्य ज्याने ऊनपावसात लोखंड उचलले, त्या बापाचा खांदा मुलाच्या खांद्यात उतरला होता. फाटक केसभर वर आले. खोबणीतली चाके मोकळी झाली. आणि मग ते सरकले. कुरकुरत, कण्हत, पण सरकले, गाडीपुरते आणि वर थोडे अधिक.

बाई धावत जाऊन स्टीअरिंगवर बसल्या. गाडी फाटकातून बाहेर आली तेव्हा त्यांनी काच बोटभर खाली केली आणि फटीतून त्याची किल्ली बाहेर सरकवली. गाडी पुढे सरली आणि त्याच्या तोंडून आपोआप निघाले:

"सावकाश जा!"

आवाज त्याचा होता. पण चाल वडिलांची होती. मागच्या काचेआड काकांचा हात वर झाला. लाल दिवे वळणावर गेले, खालच्या वळणावर पुन्हा दिसले, आणि मग पावसात मिटले.

त्याने फाटक हाताने लावून घेतले, घर उघडे राहू नये म्हणून गजांतून काठी घालून दांडी पुन्हा आत ढकलली आणि उतारावरून घरी परतला. वडील जागचे हलले नव्हते.

"उघडलं?"

"उघडलं."

"कुणी?"

"बाईंनी. लाथ मारून."

वडील हसले. बराच वेळ हसले, आणि मग डोळे पुसत म्हणाले, "मी कधी लाथ नाही मारली हं."

पण कथा इथे थांबली नाही, कारण त्याचे मन थांबले नाही. सिलिंडर पुरला का? रस्ता मोकळा होता का? फोन बंद, तारा लोळत पडलेल्या. दवाखान्याच्या वाटेवर खालची खाडी चढलेली, तिकडे कुणाला जाता येईना. वादळाने गावातली अर्धी फाटके आडवी केली होती आणि जो तो भिंगरीला हाका मारत होता. तो धावत होता, बोर्ड पुसत होता, वाळवत होता, जोडत होता. पण रोज संध्याकाळी स्कूटर आपोआप टेकडीकडे वळे. उताराच्या टोकाला फाटक तसेच बंद असे, त्याने लावले होते तसे. तो गजांना हात लावून उभा राही आणि परत फिरे. ज्या दारासाठी इतका जीव टाकला, ते उघडले खरे; पण उघडून काय झाले हे कळेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बायको त्याच्यापुढे ताट ठेवी आणि समोर बसे. आता तिने चेष्टा सोडली होती, आणि त्याला त्याचीच अधिक भीती वाटे.

वीज परत आली त्या दिवशी तो नवी बॅटरी घेऊन वर गेला. फाटकापाशी गाडी उभी होती; त्या रात्रीच्या घाईत रिमोट घरातच राहिला होता. बाई खाली उतरून कुंपणावरून हात घालता येतो का ते पाहत होत्या. आणि मागच्या सीटवरून, मास्कच्या आतून, आवाज आला:

"आला बघ... चोर."

भिंगरीला त्या एका शब्दाने जो आनंद झाला, तो सांगायला माझी वाणी अपुरी आहे. तो हसला, रडला, आणि तोंडाने बडबडतच राहिला. नुसता हात पुढे करून बाईंकडून किल्ली मागावी, कुंपण चढून आत उडी घ्यावी, किल्ली फिरवून दांडी ओढावी, फाटक सरकवावे, हे सारे त्याने एका दमात केले, आणि गाडी आत येताना दारात उभे राहून म्हटले, "या."

मग बॅटरी बसली. झाकणाच्या कडेला नवे रबर बसले. मुंग्यांनी मधल्या दिवसांत पुन्हा मांडलेले बिऱ्हाड पुठ्ठ्यावरून भिंतीशी गेले. रिमोट दाबला, फाटक शहाण्यासारखे उघडले, मिटले. बाई म्हणाल्या, "छान. आता चहा घ्या."

"नाही, बाई. अजून काम व्हायचंय." त्याने व्हरांड्यातली खुर्ची उचलून फाटकापाशी आणली. "काकांना आणा."

"अहो, त्यांना कशाला? मला येतं की आता. चांगलंच येतं."

"तुम्हाला येतं, बाई. पण तुम्ही घरात नसालच त्या दिवशी."

दोघांनी मिळून काकांना आणले. लांब नळी व्हरांड्यापासून अंगणभर पसरली. काका खुर्चीत बसले, दम घेतला. भिंगरीने लाल ठिपक्याची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. तो हात वाळलेल्या पानासारखा होता. काकांनी वाकून किल्ली आत घातली. थांबले. श्वास घेतला. फिरवली. थांबले. भिंगरीचे हात मागे एकमेकांत गच्च अडकलेले होते. मदतीला धावू नयेत म्हणून त्याने ते स्वतःच बांधून ठेवले होते. आणि आश्चर्य पाहा, त्याचे पाय हलत नव्हते. तेल दिलेली दांडी दोन बोटांनी बाहेर आली. काकांनी बसल्या बसल्या फाटकाच्या गजाला तळहात टेकला.

फाटक सरकले. वीतभर असेल, अधिक नाही. त्या फटीतून बाहेरचा रस्ता दिसू लागला. धुतलेला, पाने पडलेला, उन्हाने वाफाळणारा.

"झालं?" काकांनी विचारले.

"झालं, काका."

"मग... आता बंद कोण... करणार?"

बाई हसू लागल्या आणि त्यांना ते आवरेना. भिंगरीने फाटक लावले, किल्ली काकांच्या मुठीतच राहू दिली, पिशवी उचलली. खाली कुठेतरी दुसऱ्या कुणाची मोटर रुसली होती. खिशात फोन थरथरू लागला होता. तो स्कूटरवर बसला, तेवढ्यात मागून काकांनी हात वर केला आणि साऱ्या श्वासाची मोळी बांधून म्हटले:

"सावकाश जा!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने मान हलवली. आणि तो खरोखरच सावकाश गेला. निदान पहिल्या वळणापर्यंत.